नानांचा कॉम्प्युटर विकायचा नाही

जळगाव,
८ फेब्रुवारी २०२५

समाधानभाऊस,

दिपमालाचा नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पत्र अशासाठी की फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

तू पाठवलेला फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. सोबतची चिठ्ठीही. ‘जुना काढ, हा लाव. सोपं आहे.’ इतकं सोपं होतं तर स्वतः का आला नाहीस?

लावला, तर त्याचा दिवा पेटला तो विझेचना. तुला फोन केला. ‘मीटिंगमध्ये आहे गं.’ मग मीच चपटी वायर काढून उलटी बसवली. दिवा विझला, पण ड्राइव्ह मुका. मागे जंपरची बारीक टोपी असते, ती ‘दुसरा ड्राइव्ह’वर होती आणि आपला कॉम्प्युटर हाक मारतो पहिल्याला. ती हलवली, मोटर फिरली. तरी नानांची एकही फ्लॉपी वाचेना! फ्लॉपी वाचताना हा ड्राइव्ह जुन्याच्या निम्मं पाऊल टाकतो. त्याला दुप्पट पाऊल टाकायला लावणारं बटण त्याच्या पाठीवरच होतं. चिठ्ठीत त्याबद्दल अक्षर नाही. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, हे तुझ्या घरी कुणाला ठाऊक तरी आहे का?

एवढा आटापिटा का केला, तेही ऐक. पक्षाघातानंतर नाना व्यायामाचा चेंडू हातात धरत नाहीत, फेकून देतात. उजव्या हाताची बोटं हलतात ती फक्त त्या खेळासाठी, दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना त्यांनी तुझ्यासाठी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या कोळशाच्या वॅगनींच्या. जुना ड्राइव्ह बंद पडला आणि त्यांनी हात मांडीवरून उचलणंच सोडलं. हे तुला कळवल्यावर तू इतक्या तातडीनं नवा पाठवलास, तेव्हा मला भरून आलं होतं. खरंच सांगते.

मंगळवारी खेळ सुरू झाला. पहिली वॅगन रुळावर आली. नानांचं बोट थरथरत बटणावर गेलं, दाबलं, पुन्हा दाबलं. तेवढ्यात पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला.

“ताई, मशीन चालू झालं का? समाधानसाहेब म्हणाले, चालू झालं की उचला. रविवारी गाडी पाठवू?”

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. म्हणजे ड्राइव्ह नानांसाठी नव्हताच. जुन्या यंत्रांचा शौक करणाऱ्याला तू कॉम्प्युटरच विकून बसलास, आणि दुरुस्तीला मला जुंपलंस! बापाचा हात त्याच्यावर असताना!

त्या गृहस्थांना मी नाही म्हणून सांगितलंय. बिचारे माफी मागत होते. तू मागितली नाहीस.

बाहेर आले तर नाना माझ्याकडे बघून हसत होते. जीभ जड झालीय, तरी शब्द नीट जुळवून विचारलं, “हाई समाधाननी करं ना?”

किती वर्षं मी या घरात आहे, भाऊ. त्यांना भरवते, अंघोळ घालते. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. तुझी चिठ्ठी, तुझा तो गृहस्थ, सगळं.

“हो नाना,” मी म्हटलं. “भाऊनंच.”

“मना पोऱ्या हुशार शे,” म्हणाले आणि पुढची वॅगन ढकलली.

हे तुझी लाज राखायला केलं नाही. त्यांचं बोट थांबू नये म्हणून केलं. त्यांना भेटायला ये, ते वाट पाहतात. यंत्र न्यायला आलास तर दार उघडणार नाही.

काम माझं, नाव तुझं, एवढं लिहून थांबते.

दिपमाला