मी राजेश्वरी बोलतेय

प्रिय राजेश्वरी,

परवा तुला फोन लावला आणि तू उचलल्याबरोबर मी म्हणाले, "नमस्कार, मेढ्याहून राजेश्वरी बोलतेय." तू पोट धरून हसलीस. सांगलीला तुझ्या घरी पाहुणे होते, त्यांनाही तू तो किस्सा सांगत होतीस, ते मला ऐकू आलं. मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल, रेंज गेली. रेंज होती. फोनवर मला आता स्वतःसारखं बोलताच येत नाही, म्हणून हे पत्र.

इकडचं सांगते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मनुबाई आणि चंद्राबाई दोघीही ठीक आहेत. चंद्राबाईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फी आपल्या चटणीच्या कमाईतून भरली. मिरची कांडायच्या डंकाचा पट्टा परत तुटला, परत जोडला. आईचे हात नेहमीसारखे लाल. ती म्हणते, मिरची आता मला झोंबतच नाही. माझंही फोनच्या बाबतीत तसंच झालंय. पहिल्या वर्षी तू इथे असताना, फोनवर कुणी खेकसलं की मला चहा करून द्यायचीस, आठवतं? आता कुणी काही बोललं तरी मी पुढचा नंबर लावते. निम्मे लोक 'लोन नको' म्हणून ठेवून देतात. साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी अख्खं सियाचीन ऐकवलं आणि शेवटी म्हणाले, चटणी आमची मंडळी घरीच करतात. त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची तिखट-मसाल्याची चटणी होते. ती विकत आणायची म्हणजे घरात बाईमाणूस नसल्याची कबुलीच. असल्या मुलखात आपण चटणी विकायला निघालो, का तर एकट्या पडलेल्या बायकांच्या हाताला काम मिळावं. दोघीही वेड्याच.

जे थोडंफार बोलतात, ते एक प्रश्न हमखास विचारतात. चटणी कुणाच्या हातची? मग गाव. मग आडनाव. सुरुवातीला मी माझं सांगायचे आणि 'कळवतो' ऐकायचे. तेव्हा तूच म्हणालीस, फोनवर माझं नाव सांगत जा, नाहीतरी परवाना माझ्याच नावावर आहे. किती सहज म्हणालीस. का, ते तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. तुझ्या मनात माझं भलंच होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तुझ्या नावाने ऑर्डरी यायला लागल्या. आई शेजारीच मिरच्यांची देठं खुडत बसलेली असायची. मी दिवसभर राजेश्वरी, आणि तिने एकदाही मान वर केली नाही.

कडेगावचे आप्पासो, ते मंगल कार्यालयवाले, त्यांच्या मी किती पाठी लागले ते तुला माहीत आहे. शेवटी त्यांना नमुना आवडला आणि कार्यालयाची वर्षाची चटणी आपल्याकडून घ्यायचं ठरलं. एवढी मोठी ऑर्डर आपल्याला कधी मिळाली नव्हती. मनुबाईंनी तर गावातल्या आणखी दोघींना कामाला बोलावूनही ठेवलं. गेल्या सोमवारी मी डंकावर होते आणि फोन घरी चार्जिंगला. आप्पासोंनी पक्कं करायला फोन केला, तो आईने उचलला. राजेश्वरीताईंना द्या, म्हणाले. आईने सांगून टाकलं की हितं राजेश्वरी न्हाई, माजी दीक्षा असती, फोन तीच करती आन् चटणी मी भाजती. मग त्यांनी आडनाव विचारलं. तिने तेही सांगितलं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने मला हे सगळं ऐकवलं. मी भडकले. हातातोंडाशी आलेला घास घालवलास, असं काहीबाही बोलले. तिने तवा उतरवला आणि शांतपणे म्हणाली, "वरीसभर ऐकती मी. चटणी माजी, आवाज तुजा, आन् नाव तेवढं दुसरीचं. तुज्या बानं हौसेनं दीक्षा नाव ठिवलं, ते काय दाराआड ठिवायला?" मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मीच आप्पासोंना फोन लावला. म्हणाले, "नमस्कार, मी दीक्षा सोपान बनसोडे बोलतेय." स्वतःचंच नाव घेताना जीभ अडखळली बघ. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, बघू, कळवतो. अजून कळवलेलं नाही. मनुबाईंनी बोलावलेल्या त्या दोघी रोज सकाळी दारात येऊन विचारतात आणि मी त्यांना चहा देऊन परत पाठवते. परवा तुला फोन केला होता तो हेच सांगायला.

हे वाचून तू काय करशील ते मला ठाऊक आहे. उठशील आणि आप्पासोंना फोन लावशील. तुझ्या सासरचं काहीतरी नातं निघेल, मालकीण मीच आहे म्हणशील, आणि ऑर्डर येईल. नक्की येईल. म्हणूनच हे पत्र लिहिलं. तो फोन करू नकोस. ऑर्डर गेली तर त्या बायकांना तोंड मी देईन. पण ती तुझ्या नावाने आली, तर आई काही बोलणार नाही, पुन्हा मान खाली घालून देठं खुडत बसेल, आणि ते मला आता बघवणार नाही.

तुझीच,
दीक्षा