पिवळी स्प्रिंग की हिरवी

९ नोव्हेंबर, रविवार
देवांगन मिस्त्रीच्या गाड्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. आमच्या मोहन नगरातून सायकलनं जवळच पडते. मयुरी गाडीखाली होती, नुसते बूट दिसून राहिले. पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून पोरगी तिथंच असते. कावून सोडली ते मी अजून विचारलं नाही. तिची आई शोभा रोज विचारते, पण तिले नाही, मले.

गाडी जुनी हॅचबॅक. वजन कमी करायले मागची सीट काढून टाकली, आता दोघांचीच जागा. इंजिनले टर्बो लावला, तिनंच. घाटातल्या शर्यतीत उतरवायची आहे म्हणते.

एक जुना सुटा टर्बो शेडमध्ये पडला होता. हातावर घेतला. नारळाएवढा! आतलं चाक बोटानं फिरवलं तर फिरतच राहिलं. देवांगन म्हणे, "काका, एक मिनट में लाख चक्कर।" जन्म गेला माझा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, ब्लोअर हाऊसमध्ये, भट्टीले हवा देण्यात. आमचं मशीन घराएवढं, वर चढायले जिना लागे. आणि काम हेच. हवा ओढा, दाबा, पुढे पाठवा.

घरी आलो तरी हात अजून तसाच, वाटीसारखा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज व्हॉल्व्ह समजून घेतला. जेवताना मयुरीनं सांगतलं, ताटातल्या वाट्या मांडून.

ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो हवा ढकलते. पाय अचानक उचलला की इंजिनचा दरवाजा बंद, पण टर्बो तर फिरूनच राहिला. मग मधे अडकलेल्या हवेनं जायचं कुठं? तिच्यासाठी हा व्हॉल्व्ह. फट्‌कन उघडते, हवा बाहेर सोडते, पुन्हा बंद.

मी म्हटलं, "अरे, हा तर आमच्याकडेही होता! माणूस उभा राहील एवढा."
"हो बाबा. तोच. बस छोटा."

शोभा भाकरी थापता थापता, "तुमचे दोघांचे वॉल होऊन गेले असतील तर वरण घ्या."

आता प्रश्न स्प्रिंगचा. व्हॉल्व्ह बंद धरून ठेवते ती. सेटमध्ये तीन आल्या: लाल कडक, पिवळी मधली, हिरवी नरम. शोभा म्हणते सिग्नल आहे का हा. मयुरीनं मले विचारलं, "तुम्ही कोणती टाकली असती?" मी एका झटक्यात सांगतलं, लाल. हवा गळायलेच नको. ब्लोअरवाल्याले हवा गळणं म्हणजे अंगावर काटा.

तिनं ऐकलं. पोरीनं माझं काही ऐकून किती दिवस झाले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार
अहिवाऱ्याच्या पुढे, चुनखडीच्या खाणीकडे एक जुना डांबरी पट्टा आहे, आता कोणी वापरत नाही. देवांगननं परवानगी आणली. सगळीकडे पांढरी धूळ, झाडं पिठात घोळल्यासारखी.

मी कडेले उभा. मयुरी हेल्मेट घालून निघाली. गाडी ताणली, आणि पाय उचलला तेव्हा तो आवाज...

खुर्रर्र-तुतुतुतु. कबुतर घशातल्या घशात घुमल्यासारखा. देवांगन खूश. "मस्त आवाज हे काका! लइका मन एकर बर पइसा देथें।" म्हणजे पोरं या आवाजासाठी पैसे मोजतात.

हा आवाज मी ऐकला आहे. एका हिवाळ्यात आमचा ब्लोअर सर्ज झाला होता. हवा पुढं जायची सोडून मागं फिरली. लोखंडी फरशी हलली, गेजचे काटे इकडून तिकडं आपटून राहिले. त्या दिवशी समजलं की आपण हवेचे मालक-बिलक काही नाही.

आणि तीच गोष्ट इथं, नारळाएवढ्या डब्यात. तीच हवा, तसंच रागावणं. मोठ्यात एक आणि लहानात दुसरा असा नियमच नाही जगात. मी उन्हात उभ्याउभ्या पाहतच राहिलो.

मयुरीले सांगतलं, "सर्ज आहे. स्प्रिंग एवढी कडक की व्हॉल्व्ह उघडूनच नाही राहिला. हवा उलटी टर्बोवर चालली. अशानं चाक खलास होईल."
ती म्हणे, "म्हणजे लाल नाही."
"नाही. मी चुकलो."
ती हसली. किती दिवसांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शोभा बोलली शेवटी. "पोरगी एकोणतीसची झाली. तुम्ही तिच्यासोबत स्प्रिंगा मोजून राहिले." चहा घेतला नि गच्चीवर गेलो.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहायची इच्छा नाही. तरी.

आज हिरवी टाकली होती. सकाळपासून उभ्या गाडीत इंजिनचा आवाज वर-खाली होऊन राहिला होता. मयुरी म्हणाली थंडी आहे, गरम झाली की ठीक. पट्ट्यावर गेली. पहिल्या चकरीले व्हॉल्व्ह सुरेख उघडला, एक लांब श्वास सोडल्यासारखा, फुस्स्. मी टाळीही वाजवली.

दुसऱ्या चकरीत वळणाच्या आधी तिनं पाय उचलला, क्लच दाबला, आणि इंजिन बंद. चालत्या गाडीत. स्टिअरिंग दगडासारखं झालं. वळलीच नाही गाडी. सरळ गेली, पट्ट्याच्या बाहेर, झुडपांत. पांढऱ्या धुळीचा एवढा मोठा लोट. त्यात गाडी दिसे ना.

मी धावलो. या गुडघ्यांनी कसा धावलो माहीत नाही. देवांगन माझ्यापुढं.

ती आत बसून होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. चेहरा पांढराफटक. काच उघडी होती, धूळ आत. "बाबा, मी ठीक आहे. मी ठीक आहे. बंद कावून पडली?"

काही लागलं नाही. बंपर गेला, बाकी काही नाही. मी तिचं हेल्मेट काढलं, पट्टा सोडवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
शोभाले सांगावंच लागलं, धुळीचे कपडे तिनंच धुतले. दुपारी एवढंच म्हणाली, "बंद करा आता हे. तुम्ही सांगा तिले. तुमचं ऐकते ती."

मी मयुरीच्या खोलीपर्यंत गेलो. दार उघडं होतं. व्हॉल्व्ह खोलून बसली होती वर्तमानपत्रावर. मले आत फिरवलेलं बोट दाखवलं. पांढरं. व्हॉल्व्हच्या आत खाणीची धूळ.

"हिरवी एवढी नरम की उभ्या गाडीतही व्हॉल्व्ह उघडा राहत होता बाबा. बाहेरची हवा तिथून आत घेऊन राहिलं होतं इंजिन, न गाळता. म्हणून बंद पडलं. धूळही गेली."

सांगायले गेलो होतो ते राहिलंच. बाजूले बसलो. धूळ पुसायले कपडा दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज तिनं आपणहून सांगतलं, पुण्याचं. चार वर्षं गाड्यांच्या कंपनीत, फक्त बंपरच्या क्लिपा. "एका क्लिपचं वजन कमी करायचं, मग तेच दुसऱ्या क्लिपचं. गाडी एकदाही चालू झालेली पाहिली नाही मी, बाबा. पार्किंगमध्ये सोडून." मग, "मले पाहायचं होतं हवा कशी वागते ते."

मीही तेच पाहत होतो आयुष्यभर. फक्त मले त्याचा पगार भेटे.

मग शेडमध्ये. तिनं इंजिनच्या नळीले गेज जोडला, व्हॅक्यूम म्हणजे ओढ अन् दाब, दोन्ही दाखवणारा. इंजिन गरम होऊ दिलं. गाडी उभी, काटा ओढीच्या एकोणीस इंचावर, पाऱ्याचे इंच. मले म्हणते, "हाच आकडा पाहिजे होता. आधी हा घ्यायले पाहिजे होता, मग स्प्रिंग." उभ्या गाडीत इंजिन व्हॉल्व्हले वरून एवढं ओढते. स्प्रिंगनं बस तेवढ्या ओढीले पुरून उरायचं, त्यापेक्षा जास्त नाही. कडक घ्या, उघडत नाही. नरम घ्या, मिटत नाही. आणि टर्बोचा दाब कितीही वाढू द्या, तो वरून-खालून सारखाच, स्प्रिंगले त्याचं ओझंच नाही.

हे ऐकून मी स्टुलावर बसून गेलो. मी लाल म्हटली होती ती दाबाच्या भीतीनं. आणि दाबाचा तर इथं संबंधच नव्हता! प्रश्न ओढीचा होता. गाडी काहीच करत नसते तेव्हा ती किती ओढते, यावर सगळं.

पिवळी टाकली. किंचित कमी पडली, म्हणून खाली पातळ वॉशर. कागदाची पट्टी फटीत घालून पाहिली. अडकली. म्हणजे बंद. बोटानं जरा दाबलं, सुटली. पोरगी त्या कागदाकडं अशी पाहून राहिली होती जसं कोणी बाळाचा श्वास पाहते.

व्हॉल्व्हच्या तोंडाले बारीक जाळी अन् फोमही लावला. धुळीसाठी.

३० नोव्हेंबर, रविवार
शोभाले न सांगता जायचं नव्हतं. सांगतलं. म्हटलं, मी तिच्या बाजूच्या सीटवर बसतो. शोभा माझ्याकडं पाहत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दोघंही." आणि डबा भरून दिला.

हेल्मेट घट्ट. पट्टा छातीवर. मयुरी म्हणे, "बाबा, गेज तुमच्याकडं. नजर हटवू नका."

आणि मग गेलो आम्ही.

मागून कोणीतरी पाठीत हात घालून उचललं असं. काटा व्हॅक्यूमवरून शून्यावर, शून्यावरून दाबाकडं, एका श्वासात. तिनं पाय उचलला. काटा झप्पकन उलटा, आणि त्याच क्षणी व्हॉल्व्ह: तस्स्! स्वच्छ. एकच. ना कबुतर, ना लांब उसासा. वळण आलं, क्लच दाबला, इंजिन चालूच. वळलो. पुन्हा दाबलं, पुन्हा पाठीत हात.

मोठ्या ब्लोअरवर आम्ही चार जण लागायचो. एकाची नजर दाबावर, एक व्हॉल्व्हच्या चाकावर, एक फोनवर भट्टीशी बोलून राहिलेला. इथं एक बारीक तार, गुंडाळलेली, तेच करून राहिली. तिले कोणी सांगत नाही. तिले फक्त बरोबर निवडावं लागते.

गाडी थांबली तर मी उतरलोच नाही. डोळे भरून आले होते, हेल्मेटमुळं दिसलं नाही, बरं झालं. देवांगन खिडकीत वाकून, "का होगे काका? डर गेव का?"
म्हटलं, "नहीं रे. एक बार और।"

७ डिसेंबर, रविवार
आज पट्ट्यावर शोभाही आली. "बघते तरी" म्हणून. डबा मांडीवर, पदर नाकाले, धूळ.

मयुरी चार चकरा मारून आली. शोभा उठली, पदर खोचला. "मले बसव."
मयुरी माझ्याकडं पाहे. मी आभाळाकडं.
"हळू नेईन आई."
"हळू न्यायची असती तर ऑटोनं गेली असती मी."

गेल्या. वळणापर्यंत धूळ. परत आल्या. शोभा उतरली, दोन पावलं चालली, गाडीच्या बोनेटले हात लावला, चटका बसला तसा मागं घेतला. मग मले, "अहो, पोट मागंच राहून जाते का हो असं?"
"राहते."
"आणि ती तस्स् म्हणते तेव्हा परत येते." अगदी खरं! मले हे सुचलं नसतं.

घरी येताना टेम्पोत एकटीच हसून राहिली होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार
शर्यत मैनपाटच्या घाटात. उद्या निघायचं.

नवीन पेच. रात्रीच्या जेवणाले मयुरीनं सांगतलं. वर गेलं की हवा विरळ. मग उभ्या गाडीतली ओढही कमी. इथले एकोणीस इंच वर पंधरा-सोळाच राहतील. म्हणजे माथ्यावर पिवळी कडक पडेल, आपली हिरवी तिथं बरोबर बसेल. पण शर्यत सुरू होते पायथ्याशी. खाली हिरवी टाकली तर तेच, बंद पडायची भीती. आणि मधे स्प्रिंग बदलायले थांबता येत नाही.

एकाच रस्त्यावर दोन हवा. आयुष्यभर मी हवा म्हणजे हवा समजलो. भिलाईची हवा. कधी मनातही आलं नाही की डोंगर चढला की तीच हवा पातळ होते, आणि एक बोटभर तार हे ओळखते.

जाणार कोण? दोनच सीटा. मी पिशवी भरूनही ठेवली होती. शोभा म्हणाली, "तुम्ही एवढं गेज-गेज केलं, आता मले शिकवा. मी जाते." मयुरी हसून राहिली. मी म्हटलं, थंडी असते तिथं, बर्फासारखं दव पडते. "स्वेटर घेतला आहे," म्हणे. पिशवी तिचीच भरून तयार होती, पलंगाखाली.

जेवणानंतर शोभाले गेज वाचायले शिकवलं. शून्याच्या कोणत्या बाजूले व्हॅक्यूम, कोणत्या बाजूले दाब. दुसऱ्या खेपेपासूनच चुकली नाही.

१४ डिसेंबर, रविवार
उजाडल्यापासून फोन हातात.

आला. शोभा. मागं वारा, माणसांचा आवाज, कोणाची तरी गाडी घुरघुरून राहिली. "अहो, माथ्यावर आहो आम्ही, पाहणीले आलो. गवत सगळं पांढरं झालं इथं. बोलायचं तर धूर निघून राहिला तोंडातून."
"गेज सांग आधी!"
"सांगते ना. गाडी उभी आहे. काटा सोळावर... थांबा, थरथरून राहिला. सोळाच."
"खाली किती होता?"
"खाली अठरा अन् अर्धा. मयुरीनं नाही, मी पाहिला."

एवढ्या थंडीत, डोंगरावर, ही बाई मले इंच सांगून राहिली. खुर्ची ओढून बसलो.

मग मयुरी. "बाबा, पिवळीच ठेवू, वॉशर काढून? का हिरवी, वॉशर घालून? दोन्ही मधलेच होतात. पण सारखे नाहीत. तासाभरात खाली रांगेत लागायचं आहे."
मी विचार केला. खरंच केला. म्हटलं, "तुले का वाटते?"
ती म्हणाली, "मले वाटते..." आणि आवाज तुटला.

परत लावला. लागत नाही. पुन्हा लावला. नेटवर्क नाही म्हणते बाई फोनमधली. देवांगन शेड बंद करून आला, तोही इथंच बसून आहे, चहा गार झाला त्याचा.

आता सुरू झालं असेल. शोभा खाली सुरुवातीच्या दोरीजवळ, मयुरी वर चढून राहिली असेल. कोणती टाकली असेल तिनं. हवा तिथं कशी असेल या वेळी.