वैशे, मी आण्णांना सांगितलं

प्रिय वैशे,

मंगळवारी मी आण्णांना सगळं सांगितलं. तुझ्या मानेचं. त्यावर ते एकच वाक्य बोलले, त्यानंतर एक शब्द नाही. मी माहेरी आलेय, मारुंजीतच आहे, आणि या घरात मला बोलायला कुणी नाही. म्हणून तुला लिहितेय.

तुझ्या बाई आल्या होत्या गं! जिम्नॅस्टिक्सच्या. केस किती पांढरे झालेत त्यांचे. पुणं सोडून भावाकडे नागपूरला चालल्यात, जायच्या आधी तुझ्या फोटोला नमस्कार करायचा होता म्हणाल्या. आण्णा दारातच आडवे उभे राहिले. "हितं पाय ठिवू नका. माझी पोर खाल्ली तुमी."

हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी सगळ्यांसमोर बाईंना ऐकवलं होतं. त्यानंतर बाईंनी शिकवणं सोडलं. तुला हे माहीत नाही. तू गेल्यावर काय काय झालं, यातलं तुला काहीच माहीत नाही.

चौदा वर्षांची होतीस. भाडेकरूंच्या खोल्यांवरच्या गच्चीत हातांवर चालायचीस आणि हिंजवडीच्या कंपनीतली पोरं खाली उभी राहून टाळ्या वाजवायची. आण्णा ओरडायचे, "उतर खाली, माकडे!" पण तेच दुसऱ्या दिवशी पारावर सांगायचे, आमच्या वैशीला हाडंच न्हाईत. पहाटे आण्णा तुला स्कूटरवरून बाईंच्या हॉलवर सोडायचे आणि संध्याकाळी देवळामागच्या मैदानात स्वतः शिट्टी घेऊन उभे असायचे. कबड्डी आपल्या घरातली. आजोबा खेळले, आण्णा खेळले, मुलगा नव्हता म्हणून तू खेळायचीस.

तुला कधी कंटाळा नाही आला? बाई म्हणायच्या, वजन वाढू देऊ नकोस. आण्णा म्हणायचे, अंगात जोर पायजे, अजून एक भाकरी वाढा तिला. ती भाकरी तू गुपचूप माझ्या ताटात सरकवायचीस. मी जाड झाले ती तुझ्यामुळे, हे तुला ऐकवायचं राहून गेलं बघ.

"दोन्हीतलं एक सोड," असं मी एकदाच म्हणाले होते तुला. तू शाळेचे बूट घालत होतीस. म्हणालीस, "कबड्डी सोडली तर आण्णा मरत्याल. आन् ते सोडलं तर मी." आणि हसत हसत निघून गेलीस.

माण गावच्या मैदानावरची ती कबड्डीची मॅच मला रोज दिसते. रविवारची. तू चढाईला गेलीस, तिघींनी तुला खाली पाडलं, आणि त्यांच्या ढिगाऱ्याखाली तुझी मान वाकडी झालेली मला लांबून दिसली. तरी तू हात लांबवून रेषेला टेकवलासच! आण्णांनी टोपी हवेत उडवली. पोरी तुझ्याभोवती नाचल्या. तू मात्र मानेला हात लावून उभी होतीस.

घरी आल्यावर मी तुझ्या मानेला बाम चोळला. तेव्हा म्हणालीस, "आक्का, डाव्या हाताला मुंग्या येत्यात. पकडच न्हाई बसत."

"आण्णांना सांगू?"

"नको नको! आण्णा बुधवारची जिम्नॅस्टिकची चाचणी बंद करत्याल. बाईंना कळलं तर त्या कबड्डी बंद करत्याल. दोन दिसांत बरं हुईल. तुला माझी शपथ हाय."

मी शपथ पाळली. सगळ्यांना वाटेल, बहिणीच्या मायेपोटी गप्प बसली. तुला खरं सांगते, वैशे. बुधवारीच मला बघायला पाहुणे येणार होते. तुझ्या मानेचं कळलं असतं तर घरात रडारड, दवाखाना, आण्णांचा आरडाओरडा, आणि पाहुणे परत गेले असते. आधीची दोन स्थळं मोडली होती. मला ते तिसरं मोडायला नको होतं. एवढंच होतं माझ्या मनात. बुधवारी सकाळी तुझ्या डाव्या हातातून वेणीची रिबीन निसटली, ती उचलून मीच बांधली. तेव्हाही गप्प बसले.

चाचणीत तू धावत गेलीस, उडीच्या टेबलावर दोन्ही हात टेकवलेस आणि डावा हात दुमडला. डोक्यावर पडलीस. हे मला बाईंनी सांगितलं, कारण मी तिथे नव्हते. मी साडी नेसून पोह्यांच्या बश्या भरत होते.

अकरा दिवस तू डोळे उघडले नाहीस. मी तुझ्या पायाशी बसायचे आणि रोज ठरवायचे, आज डॉक्टरांना सांगू. त्या अकरा दिवसांतही नाही जमलं, आणि बाराव्या दिवशी तू गेलीस. का नाही जमलं गं?

ते स्थळ जमलं. वर्षाच्या आत लग्न झालं. माणसं चांगली आहेत, पण त्या घरात मला कुणी लाडानं काही वाढलं की घास गिळवत नाही.

तर मंगळवारी बाई दारातून मागे फिरल्या. खाली मान घालून. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आण्णा, बाईंचा दोष नाय. वैशीची मान रविवारीच दुखावली हुती. हाताला मुंग्या येत हुत्या. मला ठावं हुतं."

बाई थांबल्या. मला वाटलं, त्या चिडतील, निदान त्यांना हलकं तरी वाटेल. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिला. आज जरा सावकाश धावतेस, बरी आहेस ना? हसली आणि म्हणाली, एकदम फस्टक्लास, बाई." आणि पायरीवरच बसल्या. इतक्या रडल्या की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

आण्णा चौकटीला धरून उभे होते. मग बाजूला सरकले. "आत या, बाई."

बाईंनी तुला फुलं वाहिली. आण्णांनी त्यांना चहा दिला, स्वतःच्या हातानं. त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. येताना माझ्याजवळ थांबले तेव्हा वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं! पण ते भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "तिनं मान धरल्याली मीबी पाह्यली हुती. म्हनलं, मॅच तर जिंकलीय." आणि आत जाऊन पडले. तेव्हापासून आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांना चुकवत फिरतोय.

तुझ्यावरही राग आहे माझा. मला कशाला शपथ घातलीस? मी किती भित्री आहे, हे तुला ठाऊक नव्हतं? पण चौदा वर्षांच्या पोरीवर कसला राग काढू!

आई मामाकडे गेलीय, रविवारी येईल. तिला अजून काही माहीत नाही. ती अजून बाईंनाच शिव्या देते, आणि मला जवळ घेऊन म्हणते, एक गेली, तू तरी राहिलीस. आण्णा सांगणार नाहीत, आणि मी त्यांना सांगूही देणार नाही. मी वचन देते तुला. रविवारी ती पिशवी खाली ठेवेल, हातपाय धुवेल, आणि मी तिच्यासमोर बसून सगळं सांगेन. पाहुण्यांचंही. पोह्यांचंही. त्यानंतर तिनं मला जवळ घेतलं नाही, तरी मी उठून जाणार नाही.

तुझी,
आक्का