गाड्या लावायला जागा

क्लाइव्ह,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. आणि हे मी पाठवणारही नाही, कारण उत्तरात तू पुन्हा तेच रडगाणं गाशील.

आज सकाळी गावच्या कौन्सिलची माणसं केझायाला घेऊन गेली. तेरा वर्षांची पोर, घरी सांभाळणारं कोणी नाही म्हणून कौन्सिलच्या ताब्यात, माझ्याकडे तात्पुरती. तुझ्या समोरचं घर कौन्सिल अशाच चार मुलांसाठी घेणार होती. तिची शाळा सुटली नसती, रविवारी माझ्याकडे जेवायला आली असती.

पण तू भर सभेत उठलास. "मुलांबद्दल आमचं काही म्हणणं नाही हो, पण गाड्या लावायला जागा कुठाय?" गल्लीने टाळ्या वाजवल्या, कौन्सिलने शेपूट घातली. अरे, येऊनजाऊन दोन गाड्या आल्या असत्या, सांभाळणाऱ्या बायकांच्या!

आता ती पाच तासांवर, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात. जाताना म्हणाली, "ग्लेनिस, तुझ्या भावाला मी आवडले नाही का गं?" तू तिला कधी पाहिलंही नाहीस.

त्या घरात आता दातांचा डॉक्टर आलाय. तीन गाड्या आहेत त्याच्या. तू स्वागताला केक घेऊन गेलास म्हणे.

नाइलाजाने तुझी बहीण,
ग्लेनिस