मागितली तरी देऊ नकोस

गिरीज,
ता. १९ नोव्हेंबर १९७६

प्रिय मार्था,

देवाच्या कृपेने आम्ही सगळी सुखरूप आहोत. तुम्ही उभयता नालासोपाऱ्यात तशीच असाल. शाळेचे पेपर तपासून तुझी मान दुखत असेल, तेल लावून घेत जा. केळीला यंदा बरे घड लागलेत. शेजारच्या बर्थाने विजेचा पंखा घेतलाय आणि या थंडीतही लावून बसते, आम्हाला दिसावा म्हणून.

एवढं लिहून मी तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा कोंबड्यांना हाकलायला, एकदा उगीच.

आपल्या चर्चचा सण पंधरा दिवसांवर आला. सणाला आपल्याकडे पंचवीस माणूस जेवून जातं हे तुला ठाऊक आहे. डुकराचं इंद्याल, मटण, केक, शिवाय निघताना प्रत्येकीच्या हातात काहीतरी. बर्थाने कुंपणावरून विचारलं, "काय गो पॉलिन, औंदा किती किलो?" मी हसून म्हटलं, "दरवर्षीइतकंच." का म्हटलं, देव जाणे. घरात सणासाठी बाजूला काढलेत ते एका कोंबडीचे पैसे.

माळेचं तुला कळलंच आहे. गेल्या वर्षी सरकारने कारागिरांची कर्जं माफ केली, गहाण ठेवलेलं परत करायला लावलं, आणि आईची सोन्याची माळ त्या सावकारीण हंसाबेनच्या कपाटातून आमच्या घरी आली. यादीत नाव माझ्या रुडॉल्फचं होतं. ते ऐकून तू मामाच्या नातीच्या, कार्मिनच्या, बाप्तिस्म्याला सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "सुताराला दारू लागली की सासूचं सोनंही पुरत नाही." तेव्हापासून तुझं दार त्याला बंद आहे. तो ताट तसंच ठेवून उठला. मी त्याच टेबलाशी बसून केक खात राहिले.

मार्था, माळ मी गहाण ठेवली होती.

सही त्याची, कारण हंसाबेनच्या नवऱ्याला पुरुषाची सही लागायची. तो सही करून रंधा मारायला निघून जायचा, पैसे मी घरी आणायचे. दारू म्हणशील तर नाताळात एक पेला घेतो, त्यातलाही अर्धा मला देतो. पैसा गेला सणांत, आहेरांत, तुझ्या लग्नातल्या बँडमध्ये. तुला नोकरी लागली तेव्हा मी तुझ्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि तू रडलीस, ते घड्याळही त्यातलंच. आई गेल्यावर तुला काही कमी पडू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की मला देताना फार बरं वाटतं. चार माणसं "पॉलिन म्हणजे पॉलिन" म्हणाली की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. घड्याळ काढून ठेवू नकोस हं. खरं तर ते हंसाबेनने दिलं म्हणायचं, पैसे तिचे बुडाले.

माळ घरी आली त्या दिवशी रुडॉल्फने एवढंच विचारलं, "आता बस ना?" मी क्रुसासमोर उभी राहून हो म्हटलं. आणि एक वर्ष काढलं, मार्था. वाण्याकडे रोख द्यायचं, नसेल तर त्या वस्तूवाचून चालवायचं. दोन लग्नांना रिकाम्या हाताने गेले, मागच्या पंगतीला बसले, पण गेले.

परवा बाजारात हंसाबेन भेटली. मला वाटलं, तोंड फिरवील. तिने हात धरला. म्हणाली, "पॉलिनबेन, झालं ते झालं. आता कागदबिगद काय नको. माळ घेऊन ये, सण गोड कर. आपण बायकाबायका, सरकारला कशाला सांगायचं?" तेव्हापासून मला चैन नाही. भात उतू जातो, शिवताना टीप वाकडी पडते. काल दुपारी माळ कागदात गुंडाळून फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा रुडॉल्फ तिथे उभा होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती फाटकाला कडी घातली आणि कामाला लागला.

म्हणून माळ तुझ्याकडे पाठवते. मी स्वतः आले असते तर हसून वेळ मारून नेली असती, म्हणून माळेचा डबा रुडॉल्फच्याच हाती दिलाय. त्याला वाटतं, पत्रात फक्त माळ सांभाळायला सांगितलंय. खरं लिहिते म्हटलं तर म्हणाला, "नको. तुझी बहीन तुला आईच्या जागी मानते, ते ऱ्हाऊ दे. मी काय, बाहेरचा मानूस." तू त्याला पायरीवरच उभा ठेवला असशील. आधी आत घे, चहा दे, आणि त्याची माफी माग. माझ्यावर रागाव, बोलणं टाक, मी सोसीन. त्याने माझ्यासाठी वर्षभर सोसलं, आता मला ते बघवत नाही.

आता माळेचं नीट वाच. मी ती मागायला येईन. मला मी ओळखते. सणाच्या आत एखाद्या दुपारी धापा टाकत येईन. काय सांगायचं तेही काल फाटकाशी उभ्या उभ्या ठरून गेलं: माझा बेसिल चिंचेवरून पडला, पाय मोडला, डॉक्टर आधी पैसे मागतो. मी रडेन, आईची शपथ घालीन, आणि माझं रडणं तुला खोटं वाटणार नाही.

बेसिल ठणठणीत आहे. देऊ नकोस.

आजच्या दिवसापुरती खरी,
तुझी थोरली,
पॉलिन