व्हय घेतल्याशिवाय

प्रिय विकी,

सप्रेम जयभीम. फोन असताना तात्या कागद कशाला काळा करतोय, असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस, बाळा. कागदाला मधे तोडता येत नाही.

परवा सांगत होतास, बारामतीला तुझ्या वर्गात शनिवारी वादविवाद लावतोस आणि पोरं विषय सोडून एकमेकांच्या आईबापावर जातात. काय करू, म्हणालास. मी फोन ठेवला, कारण तव्यावर चिलापी होती. तेलाचा आवाज बदलला की मासा उलटायचा. त्या एका कानाच्या जोरावर भिगवणला माझ्या हातगाडीचं हॉटेल झालं. आता सांगतो. कोपऱ्यातल्या टेबलावर आपले शेजारी झुंबर आबा बसायचे, आठवतं? गळ्यात माळ, माशाच्या हॉटेलात येऊन नुसता चहा प्यायचे आणि वास आला की मलाच शिव्या घालायचे. त्यांच्या टेबलाचा कायदा एकच. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो ‘व्हय’ म्हणाला तरच आपलं सुरू. ‘न्हाय’ म्हणाला की परत सांगा. एकदा ऊसदरावरून भवानीनगरच्या कारखान्यातला एक कामगार आणि एक बागायतदार यांच्यात जुंपली. चहा गार झाला, पण व्हय काही कुणाला मिळेना. शेवटी बागायतदारच म्हणाला, आबा, ह्याचं म्हणणं सांगता सांगता मलाच पटाय लागलंय, हे काय खरं न्हाय! सगळं हॉटेल हसलं. तुझ्या पोरांना हा कायदा लावून बघ.

आबा चैत्रात गेले. मातीला तू आला नाहीस, शाळेत परीक्षा होती म्हणालास. पण आबांचा आवाज काही गेलेला नाही. रोज दिवेलागणीला कुंपणापलीकडून येतो. खोकतो, थांबतो, काहीबाही सांगतो आणि शेवटी विचारतो, ‘व्हय का?’ मग सगळं चिडीचूप. तुझी आई त्या वेळेला खिडकी लावून घेते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुंपणाशी जाऊन पाहिलं, तर आबांच्या मागं एकट्या राहिलेल्या धोंडाकाकू ओट्यावर बसलेल्या आणि मांडीवर आबांचा मोबाईल.

गावच्या ग्रुपवर वेशीच्या कमानीवरून पेटलं होतं, ते आठव. कमानीला ग्रामदैवताचं नाव द्यायचं, असं आबांच्या लोकांनी परस्पर ठरवलं. तू विरोधात लिहिलंस, बरोबरच लिहिलंस. आबांना टाइप करता येईना, म्हणून बोलून निरोप पाठवला. निरोप चांगला लांबलचक, आणि तुझं दात काढणाऱ्या माकडाचं चित्र त्याच मिनिटाला! मग तुझ्यामागं माकडांची रांग लागली. आबा त्या ग्रुपवर परत बोलले नाहीत. ते छातीच्या दुखण्यानं गेले, तुझ्यामुळं नाही. ते ओझं घेऊ नकोस.

पण तो निरोप तू ऐकलाच नाहीस. मी ऐकलाय. आता तर पाठ झालाय. ‘विकी बाळा, तुजं म्हननं मी सांगतो, चुकलं तर सांग. कमानीखालनं समदंच गाव जानार, मग नाव ठरवताना आमच्या वस्तीला का इचारलं न्हाय? भांडान नावाचं न्हाय, इचारन्याचं हाय. व्हय का?’ तू एवढं लिहिलंस, पण तुझंच म्हणणं इतकं नेटकं तुलाही मांडता आलं नव्हतं.

काकूंना म्हटलं, कशाला रोज लावता, जिवाला त्रास. तर म्हणाल्या, गुर्जी झालाय विकी, कामात आसंल. पर त्यानं व्हय म्हनल्याबिगर ह्यांनी फुडं कसं बोलायचं? लई काय बोलायचं व्हतं ह्यांला. आडकून ऱ्हायलंय समदं.

म्हणून हे लिहितोय. रविवारी ये. त्यांच्या ओट्यावर बसून निरोप शेवटपर्यंत ऐक, आणि उत्तर दे. न्हाय म्हणायचं असलं तर न्हाय म्हण, पण मोठ्यानं, त्या अंगणात. काल आवाज थांबला तेव्हा माझ्याच ओठांवर व्हय आलं होतं. दात आवळून गिळलं. सवाल तुला होता.

वाट बघणारा, तुझाच
तात्या