भाऊजी चेंडू टाकायला थांबतात

हार्लो, आयोवा
१२ जून १९७४

चि. डेल्मर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे ठीक आहे. मका गुडघ्याला लागला. शाळेच्या स्वयंपाकघरातलं माझं काम सुट्टीमुळे बंद, त्यामुळे तुमचा बेसबॉलचा प्रत्येक सामना रेडिओवर ऐकते. इस्त्री होते, मटार सोलून होतात, तरी तुमचा सातवा डाव चालूच. बाबा खेळायचे तेव्हा जेवायला घरी असायचे. तुम्हाला एवढा वेळ का लागतो? परवा रेडिओवाला म्हणाला, ऑरिन चेंडू घेऊन उभा राहिला की तेवढ्यात माझं सँडविच खाऊन होतं. माझ्या नवऱ्यावरचा विनोद, मला हसू आलं नाही. तू त्याचा कॅचर, त्याचे चेंडू झेलायला रोज त्याच्यासमोर बसतोस. तुला ठाऊक असणार.

गुडघे शेकत जा. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अर्डिसताई


१७ जून

ती. अर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या काळी फलंदाज एकदा उभा राहिला की हलत नसे. आताचे साहेब प्रत्येक चेंडूनंतर बाहेर येतात, मोजे आवळतात, बूट झटकतात. चेंडू टाकणारे पिचर जोरात टाकतात, लवकर थकतात. मग नवा आणा, त्याचा हात मोकळा होईपर्यंत थांबा. मध्ये तुमच्या रेडिओच्या साबणाच्या जाहिराती. आणि आमच्या खेळाला घड्याळच नाही. समोरचे सगळे बाद होईपर्यंत घरी जाता येत नाही. भाऊजी जरा विचार करून टाकतात, एवढंच.

लीगने पंचांना तंबी दिली आहे, रेंगाळणाऱ्याला घाई करायला लावा म्हणून. तेव्हा तुझे मटार यापुढे अर्धेच सोलून होतील.

राग नसावा, लोभ मात्र भरपूर असावा.
तुझा डेल्मर


२५ जून

चि. डेल्मर यास,
अ. आ. वि. वि.

साबणाच्या जाहिराती मला सांगू नकोस. सोमवारी ऑरिन घरी आला होता. कॉफी कपात न ओतता शेजारी टेबलावर ओतली आणि स्वतःच हसला. पेपर वाचताना एक डोळा मिटलेला. गाडीतून जाताना समोरून ट्रक दिसला की रस्त्याच्या कडेला घेऊन थांबायचा. विचारलं, तर उन्हावर ढकललं.

तू आधी माझा भाऊ, मग त्याचा कॅचर. खरं काय ते लिही.
तुझी वाट बघणारी
ताई


२९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लपवत नाही आता. भाऊजींना दोन डेल्मर दिसतात. श्वास धरून थांबलं, की दोघं हळूहळू सरकून एक होतात. मग ते टाकतात. मीही अधूनमधून उठून उगाच त्यांच्यापाशी जातो, हवापाण्याच्या गप्पा करतो, तेवढाच त्यांना वेळ मिळतो. कुणाला कळलं तर त्याच दिवशी घरी पाठवतील, म्हणून त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली.

पंच आता फार घाई करतात. उद्याचा सामना होऊ दे, मीच त्यांना डॉक्टरकडे नेतो.
तुझाच
डेल्मर


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नेमकं काय झालं ते तू फोनवर विचारलंस, ते इथे लिहितो. पंचाने दोनदा ताकीद दिली. मी उठून जायला निघालो, तर मलाही जागेवर बसवलं. भाऊजींनी न थांबता टाकला. समोर केसी नावाचा एकवीस वर्षांचा फलंदाज होता. चेंडू त्याच्या कानामागे बसला. शुद्धीवर यायला फार वेळ लागला. आज बोलतो आहे, पण एका कानाने ऐकू येत नाही.

भाऊजींनी माझ्यापाशी येऊन हातमोजा काढून दिला. एवढंच म्हणाले, “दोघांतला चुकीचा निवडला मी.”

तू इस्पितळात भाऊजींजवळ पोहोचली असशील. मला संघाबरोबर पुढच्या गावी यावं लागलं. मला रागाव, पण उत्तर पाठव.
डेल्मर


६ जुलै

चि. डेल्मर यास,
आशीर्वाद.

रागवायला आत्ता उसंत नाही. ऑरिनच्या डोक्यात गाठ आहे. सोमवारी उघडणार. केसीची आई आली होती. ऑरिनच्या खाटेपाशी उभी राहिली आणि निघून गेली.

आज मी सर्जनना विचारलं, किती वेळ लागेल. ते म्हणाले, सांगता येत नाही, संपेल तेव्हा संपेल. ऑरिन डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय. तो म्हणाला, “अर्डिस, त्यांना कुणी घाई करू देऊ नकोस.”

सोमवारी खेळू नकोस. इकडे ये.
ताई